ही ओळ आधीच्या ओळीवरून कशी आली?

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. शिक्षकांनी फळ्यावर सोडवून दाखवलेले गणित तिला कळते आणि पुस्तकातले सोडवलेले उदाहरणही ती वाचून समजून घेते. मात्र तेच उदाहरण आकडे बदलून समोर आले की तिला पहिली ओळ सुचत नाही, आणि सुचलीच तर मध्येच कुठेतरी चूक होऊन उत्तर जुळत नाही. माझे स्वतःचे गणित शाळेबरोबरच सुटले. तिला सोडवलेल्या उदाहरणांचे एखादे मोठे गाईड आणून द्यावे का? आणि ज्या आईला गणित येत नाही, तिने मुलीला मदत कशी करावी? तिने सोडवलेल्या चार उदाहरणांचे कागद सोबत पाठवत आहे. भूमितीचीही तिला भीती वाटते.
— एक आई

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

चारही कागद मी ओळीओळीने वाचले. तुमच्या मुलीला सूत्रे पाठ आहेत, तिचा गुणाकार-भागाकार पक्का आहे आणि तिने कष्टही पुष्कळ घेतलेले दिसतात. तिची अडचण वेगळी आहे. कोणत्या पायरीनंतर कोणती पायरी येते हा क्रम तिने लक्षात ठेवला आहे, परंतु ती पायरी का घेता येते आणि कधी घेता येत नाही, हे तिला कोणी विचारलेले नाही व तिनेही स्वतःला विचारलेले नाही. क्रम पाठ असेल तर ओळखीचे उदाहरण सुटते. आकडे किंवा मांडणी जरा बदलली की तो क्रम कोठून सुरू करावा हेच कळेनासे होते. तुम्ही वर्णन केलेली दोन्ही लक्षणे, म्हणजे पहिली ओळ न सुचणे आणि मध्येच घसरणे, मला याच एका कारणाची वाटतात. तिच्याच कागदांवरून ते दाखवतो.

पहिल्या कागदावर क्ष² = ५क्ष हे समीकरण आहे. तिने दोन्ही बाजूंना क्ष ने भागून क्ष = ५ असे उत्तर काढले, ते मूळ समीकरणात घालून २५ = २५ असा ताळाही पाहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. ताळा जुळला हे खरे आहे, पण उत्तर अपुरे आहे. क्ष च्या जागी ० घालून पाहा : डावी बाजू ०, उजवी बाजूही ०. म्हणजे ० हेही या समीकरणाचे मूळ (समीकरण खरे करणारी क्ष ची किंमत) आहे आणि भागाकाराच्या पायरीवर ते हरवले. असे का झाले? दोन्ही बाजूंना एकाच संख्येने भागता येते, परंतु ती संख्या शून्य नसेल तरच. आणि क्ष किती आहे हे तर आपल्याला अजून शोधायचे आहे. ज्याची किंमत माहीत नाही त्याने भागताना तिने न कळत ‘क्ष शून्य नाही’ असे गृहीत धरले. बरोबर मांडणी अशी होते :

क्ष² − ५क्ष = ०
क्ष(क्ष − ५) = ०
क्ष = ० किंवा क्ष − ५ = ०
क्ष = ० किंवा क्ष = ५

यातील तिसऱ्या ओळीचे कारण तिने मोठ्याने सांगितले पाहिजे : दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यांतील निदान एक संख्या शून्य असलीच पाहिजे. हे कारण माहीत नसले तर विद्यार्थी (क्ष − २)(क्ष − ३) = ६ असे समीकरण पाहून बेधडक क्ष − २ = २ आणि क्ष − ३ = ३ असे लिहितात. सहा ही संख्या मिळवण्याचे १ × ६, २ × ३, १२ × ½ असे अगणित मार्ग आहेत, त्यामुळे गुणाकार ६ आहे एवढ्यावरून अवयवांविषयी, म्हणजे गुणल्या जाणाऱ्या त्या दोन संख्यांविषयी, काहीच ठरत नाही. शून्याच्या बाबतीत मात्र ठरते. म्हणूनच अवयव पाडण्यापूर्वी सगळी पदे एका बाजूला आणून दुसऱ्या बाजूला शून्य ठेवावे लागते. ‘शून्य उजवीकडे ठेवायचे’ एवढेच लक्षात ठेवणाऱ्या मुलीला आणि ते का ठेवायचे हे जाणणाऱ्या मुलीला एरवी सारखेच गुण मिळतात. फरक पडतो तो अशा वेगळ्या मांडणीच्या उदाहरणात. (हे समीकरण कंस सोडवून मांडले तर योगायोगाने क्ष² − ५क्ष = ० हेच मिळते; तिला ते स्वतः करून पाहू द्या.)

दुसऱ्या कागदावर याच्या अगदी उलट घडले आहे, म्हणून तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटला.

√(क्ष + ७) = क्ष − ५
क्ष + ७ = क्ष² − १०क्ष + २५
क्ष² − ११क्ष + १८ = ०
(क्ष − ९)(क्ष − २) = ०
क्ष = ९ किंवा क्ष = २

तिने दोन्ही उत्तरे लिहिली आहेत आणि एकाही ओळीत आकडेमोडीची चूक नाही. तरीही २ हे उत्तर चुकीचे आहे. मूळ समीकरणात क्ष = ९ घातले तर डावीकडे √१६ म्हणजे ४ आणि उजवीकडे ९ − ५ म्हणजे ४ येतात. क्ष = २ घातले तर डावीकडे √९ म्हणजे ३ येतात, पण उजवीकडे २ − ५ म्हणजे −३. हे उपरे मूळ दुसऱ्या ओळीत, म्हणजे वर्ग करताना, आत शिरले. दोन संख्या समान असतील तर त्यांचे वर्ग समान असतात; पण वर्ग समान असले म्हणून मूळ संख्या समान असतातच असे नाही, कारण ३ आणि −३ या दोघांचाही वर्ग ९ आहे. पहिल्या ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाता येते, परंतु दुसरीवरून पहिलीवर खात्रीने परत येता येत नाही.

मला तिला मुख्यतः जे सांगायचे आहे ते इथे आहे. प्रत्येक ओळ लिहिताना दोन प्रश्न विचारायचे असतात : ही ओळ आधीच्या ओळीवरून कशी आली, आणि या ओळीवरून मागे जाता येईल का? दोन्ही बाजूंत समान संख्या मिळवली, समान संख्या वजा केली किंवा शून्य नसलेल्या संख्येने गुणले-भागले, तर मागे जाता येते आणि मुळे तीच राहतात. क्ष असलेल्या पदाने भागले तर एखादे मूळ हरवू शकते. वर्ग केला किंवा क्ष असलेल्या पदाने गुणले तर एखादे उपरे मूळ वाढू शकते. त्यामुळे वर्गमुळाच्या उदाहरणात ताळा पाहणे हा सोडवण्याचाच भाग असतो, वेळ उरला तर करायची गोष्ट नव्हे. पहिल्या उदाहरणात मात्र ताळा कितीही नीट पाहिला तरी हरवलेले मूळ सापडणार नव्हते, कारण ताळा लिहिलेले उत्तर तपासतो, न लिहिलेले तपासत नाही. ताळ्याची ही मर्यादा फारशी कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

तिसरा कागद जवळजवळ कोरा आहे. उदाहरण असे : प्रवाहाचा वेग ताशी २ किमी आहे, एक नाव प्रवाहाविरुद्ध २४ किमी जाऊन तेवढेच अंतर प्रवाहाच्या दिशेने परत येते आणि या सगळ्यास ५ तास लागतात, तर स्थिर पाण्यात नावेचा वेग किती? तिने एका कोपऱ्यात ‘४८ ÷ ५ = ९.६’ असे लिहून त्यावर काट मारली आहे. ती काट पाहून मला वाईट वाटले, कारण तो विचार चांगला होता. प्रवाह नसता तर नावेचा वेग ताशी ९.६ किमी निघाला असता. प्रवाहाविरुद्ध जाताना जेवढा वेळ जास्त लागतो तेवढा परत येताना वाचत नाही, कारण कमी वेगाने ती अधिक काळ चालते. म्हणजे ५ तासांत जाऊन यायचे तर तिचा स्वतःचा वेग ९.६ पेक्षा थोडा अधिकच हवा. समीकरण मांडण्याआधीच उत्तर कोणत्या परिसरात आहे हे तिला कळले होते. असा अंदाज खोडू नये, बाजूला चौकटीत लिहून ठेवावा.

शाब्दिक उदाहरणात पहिली ओळ सुचत नाही याचे कारण बहुतेक वेळा असे असते की विद्यार्थी थेट समीकरण शोधू लागतो. समीकरण ही पहिली ओळ नसतेच. पहिली ओळ म्हणजे जे विचारले आहे त्याला नाव देणे, आणि तेही एककासह पूर्ण वाक्यात : ‘समजा, स्थिर पाण्यात नावेचा वेग ताशी क्ष किमी आहे.’ ‘क्ष = नाव’ असे लिहिणाऱ्यांना पुढे क्ष म्हणजे अंतर, वेळ की वेग हे आठवत नाही. त्यानंतर उदाहरणातील प्रत्येक राशी क्ष च्या साहाय्याने लिहायची. प्रवाहाविरुद्ध वेग क्ष − २, प्रवाहाच्या दिशेने क्ष + २. वेळ म्हणजे अंतर भागिले वेग, म्हणून जाताना २४/(क्ष − २) तास आणि येताना २४/(क्ष + २) तास. हे सारे लिहून होईपर्यंत बरोबरचे चिन्ह कुठेही आलेले नाही. आता उदाहरण पुन्हा वाचून असे वाक्य शोधायचे की जे अजून वापरलेले नाही. ते आहे ‘या सगळ्यास ५ तास लागतात’. तेच वाक्य समीकरण होते :

२४/(क्ष − २) + २४/(क्ष + २) = ५
२४(क्ष + २) + २४(क्ष − २) = ५(क्ष² − ४)
४८क्ष = ५क्ष² − २०
५क्ष² − ४८क्ष − २० = ०
५क्ष² − ५०क्ष + २क्ष − २० = ०
५क्ष(क्ष − १०) + २(क्ष − १०) = ०
(क्ष − १०)(५क्ष + २) = ०
क्ष = १० किंवा क्ष = −२/५

दुसऱ्या ओळीत आपण क्ष असलेल्या पदांनी गुणले आहे. ते इथे चालते, कारण नाव प्रवाहाविरुद्ध पुढे जाते म्हणजे क्ष हा २ पेक्षा मोठाच असला पाहिजे, आणि मग कोणताही छेद शून्य होऊ शकत नाही. त्याच कारणाने −२/५ हे उत्तर बाद होते. ‘ऋण उत्तर सोडून द्यायचे’ असा नियम नाही. या उदाहरणात क्ष चा जो अर्थ ठरवला त्याला ते उत्तर बसत नाही, असे लिहावे. तापमानाच्या किंवा निव्वळ संख्यांच्या उदाहरणात ऋण उत्तर अगदी योग्य असू शकते. ताळा पाहताना आपण मांडलेल्या समीकरणात न पाहता उदाहरणाच्या शब्दांत पाहावा : ताशी ८ किमी वेगाने २४ किमीला ३ तास, ताशी १२ किमी वेगाने २ तास, एकूण ५ तास. समीकरणच चुकीचे मांडले असेल तर त्यात घातलेला ताळा जुळतो आणि चूक लपून राहते. उत्तर १० आले, तेही ९.६ पेक्षा थोडेच अधिक. काट मारलेल्या त्या ओळीचा हा उपयोग.

चौथ्या कागदावर २क्ष² − ७क्ष + ३ = ० हे वर्गसमीकरण सूत्राने सोडवून तिने −३ आणि −½ अशी मुळे काढली आहेत. सूत्रात क्ष च्या सहगुणकाचे (क्ष ला गुणणाऱ्या संख्येचे) चिन्ह बदलून घ्यायचे असते. इथे सहगुणक −७ आहे, म्हणून ७ घ्यायला हवे होते आणि तिने −७ घेतले. ही चूक टाळण्यासाठी सूत्र आणखी पाठ करण्यापेक्षा ते कोठून येते हे तिने एकदा हाताने करून पाहावे असे मी सुचवेन. त्यासाठी प्राचीन भारतीय गणिती श्रीधराचार्यांची रीत सुंदर आहे. भास्कराचार्यांनी १२व्या शतकात ती श्रीधराचार्यांच्या नावानेच नोंदवलेली आहे. क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने, म्हणजे इथे ८ ने, दोन्ही बाजूंना गुणायचे आणि मग क्ष च्या सहगुणकाचा वर्ग, म्हणजे ४९, दोन्ही बाजूंत मिळवायचा :

१६क्ष² − ५६क्ष + २४ = ०
१६क्ष² − ५६क्ष + ४९ = ४९ − २४
(४क्ष − ७)² = २५
४क्ष − ७ = ५ किंवा ४क्ष − ७ = −५
क्ष = ३ किंवा क्ष = ½

यात शेवटपर्यंत अपूर्णांक येत नाहीत, सूत्रातील ‘अधिक-उणे’ कोठून येते ते डोळ्यांना दिसते आणि विवेचक (सूत्रात वर्गमुळाच्या चिन्हाखाली येणारी संख्या) म्हणजे नेमके काय हेही उजव्या बाजूला उभे राहते. उजवी बाजू ऋण आली असती तर वास्तव मुळे नाहीत हे तिला वेगळे पाठ करावे लागले नसते, कारण कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो. सूत्र वापरायला माझी हरकत नाही. सूत्राने आलेले उत्तर पडताळण्यासाठी मुळांची बेरीज पाहावी. ती, म्हणजे चिन्ह बदललेला क्ष चा सहगुणक भागिले क्ष² चा सहगुणक, ७/२ यायला हवी. तिची बेरीज −७/२ आली होती, म्हणजे चूक चिन्हाची आहे हे एका ओळीत कळले असते.

याच कागदावर विवेचक काढताना तिने ‘(−७)² = ४९ − २४ = २५ = ५’ असे लिहिले आहे. तिच्या मनातील आकडेमोड बरोबर आहे, पण लिहिलेले वाक्य असत्य आहे : ४९ म्हणजे २५ नव्हे आणि २५ म्हणजे ५ नव्हे. वेल्श गणिती रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये बरोबरचे चिन्ह छापले तेव्हा दोन समांतर सारख्या रेघा निवडल्या, कारण त्यांच्या मते दोन वस्तू त्याहून अधिक समान असू शकत नाहीत. ‘आता पुढचे उत्तर’ अशा अर्थाने ते चिन्ह वापरण्याची सवय लागली की समीकरणाच्या दोन्ही बाजूंना सारखी क्रिया करण्याचा अर्थच पुसला जातो. हे लहानसे वाटते, पण मी यावर आग्रह धरीन.

चिन्हांच्या बाकीच्या चुकांविषयी थोडक्यात. ७ − २(क्ष − ३) या पदावलीचे तिने ७ − २क्ष − ६ असे केले आहे. अशा ठिकाणी क्ष ला एखादी साधी किंमत देऊन दोन्ही ओळी तपासाव्यात. क्ष = ३ घेतल्यास मूळ पदावली ७ होते आणि तिची −५ होते, म्हणजे ओळ चुकली; १३ − २क्ष हे बरोबर रूप पुन्हा ७ देते. ही तपासणी तुम्ही, गणित सुटलेले असतानाही, करू शकता. किंमत म्हणून ० किंवा १ मात्र घेऊ नये : (क्ष + ३)² = क्ष² + ९ ही प्रसिद्ध चूक क्ष = ० घेतल्यास बरोबर असल्यासारखी दिसते, क्ष = २ घेतल्यास २५ आणि १३ असे तिचे खरे रूप कळते.

आता गाईडविषयी. सोडवलेली उदाहरणे वाईट नाहीत. जॉन स्वेलर आणि ग्रॅहॅम कूपर या शिक्षणविषयक संशोधकांनी १९८५ मध्ये बीजगणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत, सोडवलेली उदाहरणे अभ्यासणाऱ्यांनी तशाच प्रकारची नवी उदाहरणे कमी वेळात व कमी चुकांसह सोडवली. वेगळ्या रचनेच्या उदाहरणांत मात्र तो फायदा दिसला नाही. तुमच्या मुलीचा अनुभव याच्याशी जुळणारा आहे. म्हणून जाडजूड गाईड नको. पाठ्यपुस्तकातील सोडवलेली उदाहरणेच वेगळ्या रीतीने वापरावीत. उदाहरण एकदा समजून घेतल्यावर शेवटची ओळ कागदाने झाकून ती तिने लिहावी, मग शेवटच्या दोन, मग तीन, असे करत वर सरकत जावे आणि अखेरीस फक्त प्रश्न उघडा ठेवावा. दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण कोऱ्या कागदावर करावे आणि त्यानंतरच आकडे बदलावेत. एका बैठकीत अशी दोन उदाहरणे झाली तरी पुरेत.

तुमचे काम याहून सोपे आहे आणि ते गणित न येणाऱ्या व्यक्तीने केले तर अधिक चांगले होते. तिच्या शेजारी बसा, कोणतीही एक ओळ बोटाने दाखवा आणि विचारा, ‘ही वरच्या ओळीवरून कशी आली?’ ‘असेच करायचे असते’ हे उत्तर स्वीकारू नका. ज्याला गणित येते तो अर्धवट उत्तरही मनातल्या मनात पुरे करून घेतो. तुम्ही तसे करणार नाही, त्यामुळे तिला पूर्ण वाक्यात सांगावेच लागेल. ती अडली तर उत्तर सुचवण्याऐवजी ‘काय विचारले आहे?’ आणि ‘दिलेल्यापैकी काय अजून वापरले नाही?’ एवढेच विचारा. बरोबर ओळींसमोर आणि चुकीच्या ओळींसमोर सारखेच प्रश्न विचारले पाहिजेत, नाहीतर आई विचारते आहे म्हणजे ओळ चुकली असणार, असे ती तुमच्या चेहऱ्यावरून ओळखू लागेल.

भूमितीची तिला भीती वाटते असे तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिले आहे. तिथे तर पक्ष (दिलेली माहिती), साध्य (जे सिद्ध करायचे ते) आणि प्रत्येक विधानासमोर कंसात कारण लिहिण्याची पद्धत आधीच आहे; बीजगणितात कारण लिहायची सवय लागली की सिद्धतेतला तो स्तंभ तिला परका वाटणार नाही. त्रिकोणमितीतील नित्यसमानता (कोनाच्या प्रत्येक किमतीला खरी ठरणारी समानता) सिद्ध करताना एकच पथ्य पाळायला सांगा : जे सिद्ध करायचे आहे तेच खरे मानून दोन्ही बाजूंचा तिरकस गुणाकार करू नये, एक बाजू, शक्यतो अधिक गुंतागुंतीची, घ्यावी आणि तिचेच रूपांतर करत दुसऱ्या बाजूपर्यंत पोहोचावे.

पुढचे दोन आठवडे तिने बीजगणिताच्या प्रत्येक ओळीसमोर चार-पाच शब्दांत कारण लिहावे. त्यानंतर बेरीज, वजाबाकी व कंस सोडवणे यांची कारणे लिहिणे थांबवले तरी चालेल. मात्र क्ष ने भागणे, वर्ग करणे आणि असमानतेला ऋण संख्येने गुणणे किंवा भागणे, जसे −२क्ष < ६ वरून क्ष > −३ लिहिणे, या तीन ठिकाणी तिने कारणे परीक्षेपर्यंत लिहीत राहावे.